अंगाला लागणारे गवत

तट्टूची चंदी बंद करावी आणि त्याला दिवसातून तीनच तास कुरणात सोडावे, म्हणजे त्याचे वजन आटोक्यात येते, हा सल्ला ब्रिटनमध्ये वसंतातले गवत वर येताच याही आठवड्यात पुन्हा दिला जाऊ लागला आहे आणि तो सपशेल चुकीचा आहे. चरण्याला थोडाच वेळ मिळणार हे सवयीने कळलेली तट्टे त्या तीन तासांत स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ १ टक्का शुष्क चारा, म्हणजे पाण्याचा अंश वजा करून मोजलेला चारा, पोटात घालतात, असे प्रत्यक्ष मोजमापांतून दिसून आले आहे. कोवळ्या गवतात सुमारे चार-पंचमांश पाणीच असते हे लक्षात घेतले, तर २५० किलो वजनाच्या तट्टूने तेवढ्या वेळात १२ किलोच्या आसपास ओले गवत फस्त केलेले असते. वजन उतरवायच्या जनावराला दिवसभरात साधारण दीड टक्का शुष्क चारा पुरतो. त्यातला दोन-तृतीयांश वाटा असा संपल्यावरही तबेल्यातली वाळल्या गवताची जाळी नेहमीइतकीच भरली जाते आणि मग तट्टू उतरत का नाही, याचे आश्चर्य केले जाते.

दोष तट्टूच्या हावरेपणाचा नाही, त्याच्या पायाखालच्या जमिनीचा आहे, हे या स्तंभात वारंवार मांडले गेले आहे आणि त्याचा सर्वांत बोलका पुरावा वेल्समध्ये मिळतो. वेल्श माउंटन पोनी ही जात, जिची उंची १२ हातांपलीकडे, म्हणजे सुमारे १२२ सेंटिमीटरपलीकडे, जाऊ नये असा नोंदणीचा नियम आहे, तेथील डोंगरमाथ्यावर घडली. राठ व तंतुमय गवत, हेदरची झुडपे आणि काटेरी गॉर्स यांवर ती जगली, हिवाळ्यात खंगली आणि उन्हाळ्यात पुन्हा भरली. मिळेल तो कण अंगाला लावून घेणारे जनावरच तेथे टिकणार होते. त्याच वेल्समध्ये, अ‍ॅबरिस्टविथ येथे, १९१९ साली गवताच्या वाणांचे संशोधन करणारे केंद्र स्थापन झाले आणि त्याच्या परंपरेतून पुढे अधिक साखर असलेले रायग्रासचे वाण निघाले, कारण गवतात साखर पुरेशी असली की गाईच्या पोटातील जिवाणू चाऱ्यातील प्रथिनांचा अधिक चांगला उपयोग करून घेतात. हे संशोधन मोलाचेच आहे; दुभत्या गाईसाठी असे गवत हवेच. पण डोंगरावरचे तट्टू खाली आणून गाईमेंढ्यांसाठी पेरलेल्या, खत घातलेल्या शेतात सोडले जाते, तेव्हा एकाच भूमीतल्या या दोन गोष्टी एकमेकींच्या वैरी ठरतात. त्यातच रायग्रास आपली जादा साखर फ्रुक्टान या साखळीरूपात साठवते. थंडीने वाढ खुंटली तरी उन्हात साखर तयार होतच राहते, त्यामुळे दहिवर गोठलेली लख्ख उन्हाची सकाळ, जी मालकाला निर्धोक वाटते, ती तट्टूसाठी विशेष धोक्याची असते.

याची किंमत खुरांना मोजावी लागते. खुराचे कवच आणि आतले हाड यांना जोडून ठेवणारे पापुद्रे सुजून सैल होतात, त्या विकाराला लॅमिनायटिस म्हणतात. रक्तातील इन्सुलिन दीर्घकाळ चढे ठेवले तर निरोगी तट्टूलाही तो जडतो, हे ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडच्या संशोधकांनी २००७ साली दाखवून दिले. तरीही प्रदर्शनांच्या रिंगणात गोल गरगरीत पाठीलाच ‘उत्तम अंग’ मानण्याची पंचांची रीत सुटत नाही, आणि मालकांची नजर बिघडवण्यात तिचा वाटा चाऱ्याइतकाच मोठा असावा. अंगावरून तळहात फिरवताना बरगड्या दाबाव्या न लागता हाताला लागल्या पाहिजेत. आयाळीखालची मानेची कड बोटांत धरून हलवता आली नाही, ती कडक होऊन एका बाजूला झुकू लागली, तर वेळ आधीच निघून गेलेली असते.

घड्याळापेक्षा मुसके कितीतरी उपयोगाचे आहे, कारण तट्टूला कळपात हिंडूफिरू देऊनही ते त्याचा घास लहान करते. मळणीच्या बैलाचे मुसके पाहिलेल्यांना ही युक्ती समजावून सांगावी लागणार नाही. पाण्यात भिजवून काढलेल्या वाळल्या गवतातली काही साखर निघून जाते, पण किती निघेल याचा भरवसा नसल्याने तेही मोजूनच द्यावे लागते. उपाशी ठेवणे मात्र घातकच: लठ्ठ तट्टूचा चारा एकाएकी तोडला, तर शरीरातली चरबी रक्तात उतरून यकृत निकामी होण्याची भीती असते. झुलीविषयीचे या स्तंभाचे म्हणणे वाचकांना ठाऊकच आहे. अंगावर दाट लोकर असलेल्या धडधाकट तट्टूला हिवाळाभर झुलीत गुंडाळले, की थंडीशी झुंजण्यात खर्ची पडणारी चरबी अंगावरच राहते आणि वसंतातले गवत तिच्यावर आणखी थर चढवते; म्हणून येत्या ऑक्टोबरात झूल पेटीतून काढूच नये आणि मार्चमध्ये बरगड्यांची पुसट रेघ दिसली, तर घाबरून तोबरा भरू नये.