‘अरे’ म्हणणारे माणूस

मुलगा नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईस स्थायिक झालेला असतो. आई निवर्तल्यावर गावच्या घराला कुलूप लागते आणि वडील सातव्या मजल्यावरील सदनिकेत येतात. औषधपाणी वेळेवर होते, सून आस्थेने विचारपूस करते, नातवंडे अवतीभवती असतात. तरीही सहा महिन्यांत माणूस मिटल्यासारखा होतो. ‘बाबांना इथे काय कमी आहे?’ हा मुलाचा प्रश्न प्रामाणिक असतो. कमी असते ती त्यांना ‘अरे’ म्हणणाऱ्या माणसाची! घरात ते बाबा, सोसायटीत आजोबा, दवाखान्यात काका. ‘अरे, तुझेच चुकले’ असे तोंडावर सुनावण्याचा अधिकार केवळ बरोबरीच्या मित्राला असतो आणि तो तर गावीच राहिला.

कुटुंबसंस्था हा हिंदू समाजाचा कणा आहे, असे आम्ही वारंवार मांडत आलो आहोत. परंतु समवयस्क मित्राची जागाही कुटुंबानेच भरून काढावी, ही अपेक्षा अवाजवी आहे. २०११च्या जनगणनेनुसार देशात साठी ओलांडलेल्यांची संख्या दहा कोटींहून अधिक होती. त्यांच्या चरितार्थासाठी २००७ साली कायदाही झाला. कायद्याने निर्वाहभत्ता मिळू शकतो. सोबती कोठून मिळणार? वानप्रस्थाचा दाखला देणाऱ्यांना एवढेच सांगावेसे वाटते की, तेथे मोह सोडायचा आहे, माणसे नव्हेत.

स्त्रियांचे दुःख तर दुहेरी. माहेरच्या मैत्रिणी लग्नात सुटतात. भजनी मंडळात, हळदीकुंकवात नव्याने जोडलेल्या मैत्रिणी उतारवयातील स्थलांतरात सुटतात. त्याची घरात साधी नोंदही होत नाही.

शाखेत वयानुरूप गण असतात, त्यामागे समवयस्कतेची हीच जाण आहे. प्रभात शाखेत प्रार्थनेनंतर चार वृद्ध स्वयंसेवक रेंगाळतात, कोणाच्या तरी घरी चहा होतो, न आलेल्याची चौकशी होते. कार्यकर्त्यांनी या रेंगाळण्याला वेळेचा अपव्यय समजू नये. वस्तीत नव्याने आलेल्या वृद्धाला पहिल्या आठवड्यातच तेथे किंवा जवळच्या ज्येष्ठ नागरिक संघात हाताला धरून न्यावे. पत्ता सांगून भागत नाही.

आणि मुलांनी? ग्रामदैवताच्या जत्रेला आठ दिवस रजा काढावी, वडिलांना गावी न्यावे, मित्राच्या ओट्यावर बसवावे आणि आपण तेथून निघून जावे.