आधी ब्रेक, मग रंग

आमच्या दहिसरच्या सोसायटीत बाबांची प्रीमियर पद्मिनी कित्येक वर्षं ताडपत्रीखाली पडून होती. ती चालती करायचं मी ठरवलं, तेव्हा मला पाना कसा धरतात हेही ठाऊक नव्हतं. गॅरेजवाला म्हणाला, ‘‘ताई, साहेबांना पाठवा!’’ साहेब कशाला? पैसे माझे, आणि तेही मोजकेच. त्याला रंगाची घाई. मी स्टूल मागून घेतलं, चारही चाकांचे ड्रम समोर उघडायला लावले. लायनर झिजलेले, सिलिंडरमधून ऑइल गळतंय! निम्मे पैसे तिथेच गेले. मग वायरिंग, पुढचे सीटबेल्ट. पंधरा वर्षांनंतरची फेरनोंदणी आरटीओत गाडी तपासूनच होते, रंग बघून नाही. कुर्ल्यात पूर्वी बनणाऱ्या या गाडीच्या मुंबईतल्या टॅक्सी २०२३मध्ये बंद झाल्या. मैत्रिणींनो, गाडी चालवायला आपण शिकतो, मग गॅरेजचं बिल समजून घ्यायला का लाजतो? रंग अजून उडालेलाच आहे. परवा आईला मात्र बोरिवलीला डॉक्टरांकडे नेऊन आणलं.