पिल्लं झाली म्हणून जात एक होत नाही



परवा पनवेलात आम्हा चार-पाच शोभिवंत मासेवाल्यांची चांगलीच जुंपली. एक गडी म्हणाला, "स्वॉर्डटेल न् प्लॅटी एका टाकीत सोडले, पिल्लं झाली. मग दोन जाती कशाच्या? आणि गिऱ्हाईक रंग बघतं, जात कोण विचारतो?" दोन्ही गोष्टी चूक आहेत. स्पष्टच लिहितो.

आधी शब्दाचा घोळ. भातात कर्जत-३, कर्जत-७ यांना आपण 'जात' म्हणतो, पण ते वाण. प्रजाती एकच, भात. लाल प्लॅटी, पिवळी प्लॅटी हेही वाणच. स्वॉर्डटेल आणि प्लॅटी मात्र दोन वेगळ्या प्रजाती. एर्न्स्ट मायर यांनी १९४२ मध्ये व्याख्या दिली, तिचा मतितार्थ असा: निसर्गात आपापसात पैदास करतो आणि दुसऱ्यांपासून पैदाशीत अलग राहतो, तो गट म्हणजे प्रजाती. यातला 'निसर्गात' हा शब्द आपण सोयीने गाळतो. नदीत मादी आपला जोडीदार निवडते. सिमेंटच्या टाकीत कोंडल्यावर कसली निवड? घोडी आणि गाढवापासून खेचर होतं, म्हणून घोडा-गाढव एकच असं म्हणतो का आपण?

आता दुसरं, "जात कोण विचारतो?" काळे ठिपके असलेल्या प्लॅटीचा स्वॉर्डटेलशी संकर झाला आणि त्या पिल्लांचा पुन्हा स्वॉर्डटेलशी, तर पुढच्या काही पिल्लांत त्या ठिपक्यांच्या काळ्या गाठी होतात. कॅन्सरच तो. शास्त्रज्ञांना हे १९२० च्या दशकापासून माहीत आहे. एंडलर माशाला २००५ मध्ये गप्पीपासून वेगळी प्रजाती म्हणून नाव मिळालं. पण तो गप्पीशी सहज मिसळतो आणि ती पिल्लंही पुढे वितात, म्हणून आज शुद्ध एंडलर शोधावा लागतो. एकदा मिसळलं की चाळणीने वेगळं करता येत नाही.

माझंच सांगतो. जागा वाचवायला मी दोन्ही एकत्र ठेवले. तिसऱ्या पिढीत ना धड तलवार, ना धड प्लॅटीचा गोल अंगलोट. व्यापाऱ्याने माल परत केला. टाक्या रिकाम्या करून पुन्हा शून्यापासून सुरुवात केली.

संकर म्हणजे पाप, असं माझं म्हणणं नाही. फ्लॉवरहॉर्न, ब्लड पॅरट हे माणसानेच केलेले संकर. कर्जतला निघालेलं सह्याद्री हेही संकरित भात. पण त्याचे आईबाप शुद्ध राखावे लागतात, बीजोत्पादनाचं शेत इतर भातापासून लांब ठेवावं लागतं, आणि त्याचं घरचं बी आपण पेरत नाही. जो नियम भाताला, तो माशाला का नको?

बाजारातल्या बहुतेक प्लॅटी-स्वॉर्डटेलमध्ये आधीच एकमेकांचं रक्त आहे, हे मान्य. म्हणून तर उरलेलं सांभाळायचं.

करायचं ते साधं आहे. एका टाकीत एकच प्रजाती, आणि जमल्यास एकच वाण. मॉलीच्याही प्रजाती अनेक आहेत आणि त्या सहज मिसळतात, तेव्हा 'सगळ्या मॉलीच' म्हणून एकत्र सोडू नका. नर-मादी ओळखू येताच वेगळे करा. मादी एकदा नराला लागली की त्याचं बीज काही महिने पोटात साठवते, म्हणून विकत आणलेल्या मादीच्या पहिल्या विणींवर भरवसा नको. हातजाळी टाकीगणिक वेगळी ठेवा, तिला चिकटून पिल्लू दुसरीकडे जातं. वहीत लिहा, कुठून आणले, कधी व्याले. संकर विकायचा तर 'संकर' म्हणूनच विका.

आणि नको झालेले मासे गाढी नदीत किंवा तळ्यात सोडू नका. तिथले मासे आपल्या मालकीचे नाहीत.

वाणाचं बी राखणारा शेतकरी आपण. टाकीत उतरल्यावर ते विसरायचं कारण काय?