राळेगावकरांना जाहीर आवाहन : पोराची बोली समजणं हीसुद्धा गुणवत्ता धरा



निकाल लागले की आपल्याकडे पानठेल्यापासून व्हॉट्सॲपच्या गटापर्यंत दरवर्षी एकच वाद पेटतो : जास्त टक्केवाला घरी बसला आणि कमीवाला लागला. कर्ज काढून पोराला नागपूरला शिकवणीला ठेवणारा कास्तकार तळमळून बोलतो. घराण्यातली पहिली पदवीधर झालेल्या गोंड, कोलाम, परधान पोरीचे आईबाप मान खाली घालून ऐकतात. दोघांचंही दुःख खरं आहे. जागा थोड्या आणि पोरं फार, हे त्याचं मूळ. पण गुणवत्ता म्हणजे काय, हा प्रश्न आपण निकालाच्या कागदावर सोडून दिला आहे. मला त्यावर बोलायचं आहे.

मी प्राथमिक शिक्षक होतो. पहिलीत पोडावरचं, म्हणजे कोलामांच्या वस्तीतलं, एक पोर महिनाभर एक शब्द बोललं नाही. मी त्याला मंद ठरवून मोकळा झालो होतो. एक दिवस मोठी बहीण त्याला न्यायला आली, तर व्हरांड्यातच ते तिला दिवसभराची हकिगत कोलामीत सांगू लागलं, हातवारे करून, माझी नक्कलसुद्धा करून. माझी डी.एड.ची टक्केवारी चांगली होती. त्या वर्गात ती त्या पोराच्या कामी आली नाही. त्याची भाषा मला येत नव्हती आणि ती येण्याची अट मला कुणी घातली नव्हती.

कोलाम ही कातकरी आणि माडिया गोंडांप्रमाणे राज्यातली आदिम जमात. कोलामी आणि गोंडी या द्राविडी कुळातल्या भाषा. मराठीचं कूळ वेगळं. मराठीचं पुस्तक हातात पडतं तेव्हा हे लेकरू परक्या भाषेत शिकायला बसलेलं असतं, आणि पुढे बारावीपर्यंत आपण त्याचे गुण इतरांच्या गुणांशेजारी मांडतो. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2022 मध्ये वैद्यकीय प्रवेशाच्या खटल्यात हेच सांगितलं : परीक्षेतल्या गुणांमध्ये घरची शिदोरीही मिसळलेली असते, म्हणून गुणवत्ता सामाजिक परिस्थितीच्या संदर्भात पाहायला हवी.

आपल्या तालुक्यातली काही गावं 1985 पासून अनुसूचित क्षेत्रात आहेत. अशा क्षेत्रात शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक, वनरक्षक यांसारखी 17 संवर्गांतली पदं स्थानिक आदिवासी उमेदवारांतून भरण्याची अधिसूचना राज्यपालांनी काढली. ती भरती न्यायालयात अडकली. 2024 मध्ये उमेदवारांनी आंदोलन केलं, तेव्हा सरकारने मानधनावर नेमणुका देण्याचा मार्ग काढला. त्याआधी, एप्रिल 2020 मध्ये, आंध्रातल्या अनुसूचित क्षेत्रातलं शिक्षकांचं शंभर टक्के आरक्षण सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने रद्द ठरवलं होतं. त्या निकालाचा मी आदर करतो. इतरांना दार पूर्ण बंद करणं मलाही पटत नाही.

पण भाषेची अट घालायला काय हरकत आहे? पहिली-दुसरीच्या शिक्षकाला, अंगणवाडी सेविकेला, आरोग्यसेविकेला त्या पोडाची बोली आली पाहिजे आणि तिची तोंडी परीक्षा झाली पाहिजे. ही अट बहुतेक वेळा कोलाम, गोंड तरुणच पूर्ण करतील. आणि एखाद्या कुणब्याचं, तेल्याचं पोर मन लावून कोलामी शिकलं, तर त्यालाही मी डोक्यावर घेईन. मुलांनो, शिका ती भाषा! शिकवायला मास्तर पोडापोडावर आहेत.

म्हणून माझी विनंती आहे : येत्या 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत प्रत्येक गावाने ठराव घ्यावा की आमच्या शाळेतली रिकामी पदं भरा आणि मुलांची बोली येणारा शिक्षक द्या. ठरावाची नक्कल गटशिक्षणाधिकारी आणि जिल्हा परिषदेकडे पोचती करा, पोच घ्या.

दुसरं काम जुन्या घराण्यांनी आणि मुख्याध्यापकांनी करायचं आहे. जमातीच्या खोट्या दाखल्यांवर खऱ्या आदिवासींच्या नोकऱ्या लाटल्या गेल्या. अशा नोकऱ्यांना मिळणारं संरक्षण सर्वोच्च न्यायालयाच्या 2017 च्या निकालाने काढून घेतलं, हे योग्यच झालं. मात्र पडताळणीची कडक चाळणी पोडावरच्या माणसालाही लागते. 1950 पूर्वीचा पुरावा मागतात. ज्याचा आजा शाळेची पायरीच चढला नाही, त्याच्या नावाचा शाळेचा दाखला निघणार कुठून? तुमच्या माळ्यावर जुनी कागदपत्रं पडली असतील, शाळेच्या कपाटात दाखलखारीज रजिस्टर असेल, कोतवाल बुकाची नक्कल कशी काढायची हे कुणाला ठाऊक असेल, तर त्या कुटुंबांसोबत तहसीलला एक फेरी मारा. प्रवेशाची मुदत संपल्यावर मिळालेल्या वैधता प्रमाणपत्राने त्या वर्षीची हुकलेली जागा परत मिळत नाही.

आणि चौकात कुणी एखाद्या पोरीला "कोट्यातली" म्हणालं, तर तिथंच थांबवा. ती ऐकत असते.

ठरावाचा मसुदा हवा असेल त्या गावात मी स्वतः येऊन लिहून देईन. पोडावर जायचं असेल तर संध्याकाळी जाऊ. दिवसा सगळे निंदणाला गेलेले असतात.

आपला,
राळेगावचा एक निवृत्त शिक्षक