बाबू गेनूच्या नावाची इमारत

परदेशी कापडाचा ट्रक अडवताना १९३० साली गिरणी कामगार बाबू गेनू हुतात्मा झाला. त्याचे नाव मिरवणारी, मुंबई महापालिकेच्याच मालकीची डॉकयार्ड रोडजवळील इमारत २७ सप्टेंबर २०१३ रोजी सकाळी कोसळली. ६१ माणसे ठार झाली. राहणारे बव्हंशी पालिकेचेच कर्मचारी! तळमजल्यावरील गोदामात भाडेकरू व्यापाऱ्याने विनापरवाना फेरबदल केल्याचा ठपका आला.

कायदा नव्हता काय? फेरबदलापूर्वी आयुक्तांस सूचना द्यावी, असे १८८८ च्या मुंबई महापालिका अधिनियमाचे ३४२ वे कलम बजावते. झोपडीवर पोटमाळा चढविणाऱ्या हमालाला पालिकेच्या कायद्याची धार पुरेपूर ठाऊक असते. पहिला वासा उभा राहण्याआधी मुकादम दारात हजर! गोदामातील पाडापाडी मात्र दिसत नाही. येथे तर घरमालक, परवाना देणारा आणि तपासणारा एकच होता.

अशा वेळी ‘परवान्यांची कटकटच नको’ हा बिल्डरांचा धोशा सुरू होतो. कामगारांची मागणी नेमकी उलट हवी. प्रत्येक परवाना व तपासणीचा अहवाल इमारतीच्या दर्शनी भागी लावावा. खांबाला हात लागताच काम थांबविण्याचा हक्क रहिवाशांच्या समितीला मिळावा. वरच्या मजल्यावर झोपणाऱ्यांना खाली काय तोडले जात आहे, एवढे तरी कळेल.