मदतीचा डबा आणि अडविलेली वाट

परदेशातील युद्धग्रस्त गावांसाठी मदतफेरी काढायची म्हटले की मलकापूरच्या बाजारपेठेत कार्यकर्त्याला पहिला प्रश्न ठरलेला असतो : आपल्या शेतकऱ्याचे काय? हा प्रश्न कुचेष्टेचा म्हणून झटकून टाकण्याजोगा नाही. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांना विशेष मदत जाहीर केली, त्यांत बुलढाणा होता.

परंतु हा प्रश्न १९३८ सालीही होता, आणि अधिक बोचरा होता. जपान हा हिंदी कापसाचा फार मोठा गिऱ्हाईक. १९३४ च्या व्यापारी करारात जपानी कापडाची आयात आणि हिंदी कापसाची खरेदी एकमेकींस बांधलेली. तरीही चीनवर आक्रमण होताच काँग्रेसने जपानी मालावर बहिष्काराची हाक दिली. तिची झळ वऱ्हाडच्या कापूस उत्पादकाला बसण्याजोगी होती. चीनमधून विनंती येताच सुभाषचंद्र बोस यांनी आवाहन केले, निधी जमला आणि १ सप्टेंबर १९३८ रोजी पाच डॉक्टरांचे पथक मुंबईहून बोटीने निघाले. त्यांत सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते, तसेच नागपूरचे डॉ. चोळकर होते. (चोळकरांचे नाव आज विदर्भातही क्वचितच निघते.) येनानला पोहोचेपर्यंत १९३९ चा फेब्रुवारी उजाडला. कोटणीस पुढे उत्तर चीनच्या आघाडीवरील खेड्यांत जखमींवर शस्त्रक्रिया करीत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तेथेच वारले. वय अवघे ३२.

त्या पथकामागे सरकार नव्हते. पारतंत्र्यातील जनतेचा पैसा होता. आणि पैशाच्या आधी भूमिका होती. आक्रमक कोण हे स्पष्ट सांगून मगच औषधांच्या पेट्या बोटीवर चढल्या.

आज स्वतंत्र भारताचे सरकार नेमके उलटे वागले आहे. २२ ऑक्टोबर २०२३ रोजी त्याने गाझासाठी सुमारे साडेसहा टन वैद्यकीय साहित्य आणि ३२ टन इतर मदत इजिप्तला विमानाने पाठविली. ते योग्यच झाले. पुढे २ मार्च २०२५ पासून इस्राएलने सुमारे अकरा आठवडे गाझाच्या सर्व वाटा बंद केल्या. खुझाआसारखे शेतकऱ्यांचे गाव त्याच वसंतात जमीनदोस्त झाले. १२ जून रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत युद्धविराम आणि मदतीस मोकळी वाट यांची मागणी करणारा ठराव आला; १४९ राष्ट्रांनी अनुकूल मत दिले, भारत तटस्थ राहिला. २२ ऑगस्टला गाझा शहराच्या परिसरात दुष्काळ अधिकृतपणे जाहीर झाला. औषधे द्यायची, पण ती रुग्णाच्या उशाशी पोहोचावीत म्हणून हात वर करायचा नाही, याला परराष्ट्र धोरण म्हणतात की संकोच?

धान्याची पोती सरहद्दीपाशी मालमोटारीत सडत असतील तर चौकातल्या डब्यात पडलेला रुपया भुकेल्यापर्यंत गेलाच नाही. म्हणून कार्यकर्त्यांनी डब्याबरोबर सह्यांचे निवेदनही फिरवावे, आणि त्यात एकच मागणी ठेवावी : सरकारने त्या मतदानाचा जबाब संसदेत द्यावा. कापसाला हमीभाव मागणारे निवेदन त्याच फेरीत न्यावे. जिनिंगमधला हमाल दोन्ही कागदांवर सही करील; त्याला उपाशी राहणे म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. जमलेल्या रकमेची पै न् पै मात्र आठवडी बाजाराच्या दिवशी फळ्यावर लिहिली गेली पाहिजे.