ग्वाल्हेरच्या फोनवर बेळगावची बातमी : खरी की खोटी, ब्राउझर सांगेल का?

ग्वाल्हेर : दौलतराव शिंद्यांची छावणी 1810 च्या सुमारास इथे पडली, आणि शहराचा तो भाग आजही लष्कर म्हणूनच ओळखला जातो. महाराज बाड्याच्या आसपासच्या गल्ल्यांत पिढ्यान्‌पिढ्या राहणारी मराठी घरं सकाळचा पेपर हिंदी घेतात. महाराष्ट्राची, सीमाभागाची बातमी मात्र फोनवरच येते. लेक पुण्याला दिलेली, मामा कोल्हापूरचे, आत्याचं घर बेळगावात, अशी नाती चार राज्यांत पसरलेली. बातमी या नात्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येते, आणि धाडणारा घरातलाच असल्यामुळे मूळ बातमी कोणी छापली हे कोणी बघत नाही.

डिसेंबर 2022 आठवा. 6 तारखेला बेळगावजवळ हिरेबागेवाडी टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगडफेक झाली, त्याच दिवशी पुण्यात कर्नाटकच्या बसना काळं फासलं गेलं. दोन्हीकडच्या एसटीचा खोळंबा झाला. त्याआधी नोव्हेंबरात जत तालुक्यातल्या गावांवरून कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांची विधानं गाजली होतीच. 14 डिसेंबरला दिल्लीत केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना समोरासमोर बसवलं. बैठकीनंतर त्यांनी सांगितलेल्या गोष्टींत एक अशी होती, की बड्या नेत्यांच्या नावाने काढलेल्या बनावट ट्विटर खात्यांनी आग भडकवली, त्यावर गुन्हे दाखल होतील. बोम्मईंनीही वादग्रस्त ट्विट आपलं नव्हे असं सांगितलं. महाराष्ट्रातल्या विरोधकांना ते पटलं नाही. खातं खोटं होतं तर इतके दिवस कोणी बोललं का नाही, हा त्यांचा सवाल होता.

खरंखोटं बाजूला ठेवलं तरी एवढं उरतंच : दोन राज्यांचे मंत्री, सगळी चॅनेलं आणि लाखो वाचक ज्या शब्दांवर पेटून उठले, ते शब्द नक्की कोणाचे, यावरच आठवड्यानंतर वाद चालू होता. हजार किलोमीटरवर ग्वाल्हेरात बसलेल्या माणसाने ते कसं ओळखायचं?

उत्तर म्हणून हल्ली ब्राउझरच्या साधनांचं नाव घेतलं जातं. वेबसाइट उघडली की कोपऱ्यात खूण येईल, गुण दिसतील, भरवसा ठेवायचा की नाही ते कळेल. यातलं सगळ्यांत गाजलेलं नाव न्यूजगार्ड. स्टीव्हन ब्रिल आणि गॉर्डन क्रोव्हिट्झ या दोन अमेरिकी पत्रकारांनी 2018 मध्ये ही कंपनी काढली. तिची माणसं प्रत्येक न्यूज वेबसाइट नऊ कसोट्यांवर तपासतात आणि शंभरपैकी गुण देतात. ब्राउझरमध्ये एक्स्टेन्शन टाकलं की ते गुण लिंकच्या शेजारी दिसतात. कल्पना चांगली आहे, आणि यंत्रापेक्षा माणसाने तपासलेलं केव्हाही बरं. पण हा सगळा पसारा मुख्यतः अमेरिका आणि युरोपातल्या काही देशांसाठी उभा राहिलेला. बेळगाव, निपाणी, बिदरच्या मराठी पोर्टलला तिथे ना हिरवी खूण, ना लाल.

समजा उद्या कोणी हीच पद्धत मराठीला लावली, तर काय होईल? गुणांचा हिशेब मांडून बघण्यासारखा आहे. वारंवार खोटं न छापण्याला 22 गुण, जबाबदारीने माहिती गोळा करण्याला 18, फसवे मथळे न देण्याला 10. हे झाले 50, बातमीच्या सच्चेपणाचे. बाकीचे 50 व्यवस्थेचे : चुकांची दुरुस्ती छापणं 12.5, बातमी आणि मत वेगळं ठेवणं 12.5, मालक कोण ते सांगणं 7.5, जाहिरातीवर जाहिरात असं लिहिणं 7.5, कारभार कोणाच्या हातात ते सांगणं 5, लिहिणाऱ्यांची नावं देणं 5.

आता तालुक्याच्या गावी दोन माणसं चालवतात तसं एखादं प्रामाणिक पोर्टल घ्या. खोटं छापत नाहीत, फोन करून खात्री करतात. पण ‘आमच्याविषयी’ हे पान रिकामं, बातमीवर नावाऐवजी ‘प्रतिनिधी’, दुरुस्तीचं धोरण लिहिलेलं नाही, आणि बातमीतच दोन ओळी स्वतःच्या मताच्या. मालकी, कारभार, नावं, दुरुस्ती, मत मिळून 42.5 गेले, उरले 57.5. दुसरीकडे एक नीटनेटकी, पण खोटं छापणारी वेबसाइट घ्या. मालकाचं नाव, संपादकाचा फोटो, दुरुस्तीचं पान, सगळं जागच्या जागी. सच्चेपणाचे 50 गेले, तरी कागदपत्रांचे 50 तिच्या पदरात. साठच्या खाली म्हणजे जपून, असा नियम आहे. म्हणजे गबाळा खरा आणि टापटिपीतला लबाड एकाच खणात, मधे अंतर फक्त साडेसात गुणांचं. हिशेबात चूक नाही. पण वाचकाने नुसता आकडा बघितला तर त्याला या दोघांतला फरक कळणार नाही, कोणते गुण कापले गेले ते उघडून वाचावंच लागेल.

खुद्द न्यूजगार्डलाही हा अनुभव आला. जानेवारी 2019 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एज या मोबाइल ब्राउझरवर ब्रिटनच्या मेल ऑनलाइन या प्रचंड खपाच्या वेबसाइटसमोर सावधगिरीचा इशारा झळकू लागला. त्या कंपनीने हरकत घेतली, बोलणं झालं आणि महिना संपायच्या आत लालचं हिरवं झालं. चूक मान्य करून बदललं हे चांगलंच. पण मेल ऑनलाइनकडे बोलायला माणसं होती. खानापूरच्या पोर्टलने कोणाकडे दाद मागायची?

टापटीप विकत घेता येते, हे सिद्ध करणारं प्रकरण तर आपल्या देशाशीच जोडलेलं आहे. ब्रसेल्सच्या ईयू डिसइन्फोलॅब या संस्थेने 2019 मध्ये 65 देशांतल्या 265 बनावट ‘स्थानिक’ न्यूज वेबसाइट शोधून काढल्या. डिसेंबर 2020 च्या पुढच्या अहवालात आकडा 119 देश आणि 750 हून अधिक असा गेला. बंद पडलेल्या वर्तमानपत्रांची नावं उचलून त्यांच्या नावाने वेबसाइट चालवलेल्या. अहवालाने बोट दाखवलं ते दिल्लीतल्या एका उद्योगसमूहाकडे. नाव जुनं, मांडणी छान, मजकूर इकडून तिकडून उचललेला, आणि अधूनमधून हवी ती बातमी पेरलेली. 2022 मध्ये युरोपात ‘डॉपलगँगर’ नावाने ओळखलं जाणारं प्रकरण उघडकीला आलं. त्यात तर द गार्डियन, श्पीगल अशा दैनिकं-साप्ताहिकांच्या वेबसाइट हुबेहूब उतरवल्या होत्या, फरक फक्त पत्त्याच्या शेपटीत.

आणि ते कुलूप. पत्त्याशेजारी कुलूप दिसलं की साइट खरी, असं अजून कितीतरी शिकलेली माणसं छातीठोक सांगतात. कुलपाचा अर्थ एवढाच, की तुमचा फोन आणि ती वेबसाइट यांच्यातलं बोलणं मधे कोणी ऐकत नाही. पलीकडे बसलेला सज्जन की भामटा, हे कुलपाला ठाऊक नसतं. हा गैरसमज इतका पसरला की गूगलने सप्टेंबर 2023 मध्ये क्रोममधून कुलूप काढूनच टाकलं.

खरी अडचण वेगळीच आहे. ही बहुतेक साधनं संगणकावरच्या ब्राउझरसाठी आहेत. आणि लष्करातल्या काकू काय, निपाणीचे अण्णा काय, बातमी वाचतात फोनवर. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन चालतच नाही. फायरफॉक्समध्ये चालतं, पण तो किती फोनांत असतो? शिवाय पुष्कळदा लिंकही नसते. नुसता फोटो, कात्रण, दीड मिनिटाची चित्रफीत. ब्राउझरची वेस ओलांडायची वेळच येत नाही. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून पाच जणांना जमावाने ठार मारलं. भिक्षा मागून पोट भरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाची ती माणसं होती. अफवा पसरली होती व्हॉट्सअ‍ॅपवर, कुठल्या वेबसाइटवर नाही. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे धाडता येईल अशी मर्यादा घातली.

ग्वाल्हेरने त्याच वर्षी 2 एप्रिलचा भारत बंद पाहिला. ग्वाल्हेर, भिंड, मुरैना पेटलं, माणसं गेली, संचारबंदी लागली, इंटरनेट बंद झालं. गर्दीत पिस्तूल झाडणाऱ्या माणसाची ग्वाल्हेरची चित्रफीत तेव्हा देशभर फिरली. इंटरनेट बंद असलेल्या शहराला बाहेरून येणारी बातमी तपासता येत नव्हती, आणि आपल्याबद्दल बाहेर काय फिरतंय तेही नीट कळत नव्हतं.

मग साधनं कुचकामी का? तसंही नाही. कोणतं कशाला वापरायचं हे कळलं तर कामाची आहेत. डोमेनची नोंद कधी झाली हे हूइज शोधात फुकट दिसतं. वीस वर्षं जुनं दैनिक म्हणवणाऱ्या वेबसाइटचा पत्ता गेल्या महिन्यात घेतलेला असेल तर तिथेच पाल चुकचुकते. वेबॅक मशीनवर तेच पान आधी कसं होतं ते बघता येतं. छापून मग गुपचूप बदललेला मथळा बरेचदा सापडतो. चित्रफितीसाठी इनव्हिड-वीव्हेरिफाय हे एक्स्टेन्शन आहे. ते चित्रफितीची चौकट-चौकट सुटी करून शोधायला देतं. फोनवर तेच काम गूगल लेन्सने बऱ्यापैकी होतं. शोधताना ‘ग्वाल्हेर’ आणि ‘ग्वालियर’, ‘बेळगाव’ आणि ‘बेळगावी’ अशी दोन्ही नावं घालून बघावं, जुनी बातमी भलत्याच स्पेलिंगखाली दडलेली असते.

पैशाचा माग काढणारी एक युक्ती फार कमी लोकांना माहीत आहे. कोणत्याही वेबसाइटच्या पत्त्यापुढे तिरपी रेघ मारून ‘अ‍ॅड्स डॉट टीएक्सटी’ इंग्रजीत टाइप करा. जाहिरातींचे पैसे कोणत्या खात्यात जातात त्याची यादी बहुतेक ठिकाणी उघडते. तीन वेगवेगळ्या नावांच्या वेबसाइटवर थेट खात्याचा तोच क्रमांक दिसला, तर गल्ला एकच असण्याचा दाट संशय घ्यायला हरकत नाही. कंपनीचं नाव दिलेलं असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या वेबसाइटवर ती खरंच नोंदलेली आहे का, तेही कळतं. मात्र एक्स्टेन्शन टाकताना ते परवानगी काय मागतंय हे वाचावं. सगळ्या वेबसाइटवरचा तुमचा डेटा वाचू द्या, असं बरीच मागतात, आणि त्याच ब्राउझरमध्ये आपली बँकही असते.

सरकारने शिक्का मारावा, हा एक मार्ग सुचवला जातो. तो करून झाला आहे. केंद्राच्या कारभाराबद्दलची बातमी खोटी ठरवण्याचा अधिकार सरकारी फॅक्ट चेक युनिटला देणारा नियम एप्रिल 2023 मध्ये आला. कुणाल कामरा आणि इतर मुंबई उच्च न्यायालयात गेले. जानेवारी 2024 मध्ये न्यायमूर्ती गौतम पटेल आणि नीला गोखले यांचं मत दुभंगलं. सप्टेंबरात तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी तो नियम घटनाबाह्य ठरवला. ज्याच्याबद्दल बातमी आहे त्यानेच ती खरी की खोटी ठरवायची, हे न्यायालयात टिकलं नाही. सीमाभागात तर ते मुळीच चाललं नसतं. सरकारं दोन, आणि 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात एकमेकांसमोर उभी. कोणत्या सरकारचा शिक्का खरा धरायचा?

तेव्हा काम उरतं ते पोर्टल चालवणाऱ्यांवर. मालकाचं नाव, संपादकाचा फोन, बातमीवर तारीख आणि गाव, चूक झाली तर त्याच पानावर दुरुस्ती. याला सॉफ्टवेअर लागत नाही, दुपारभराचं काम आहे. सीमाभागातली किती मराठी पोर्टलं एवढं करतात ते वाचकाने आपल्या फोनवरच उघडून बघावं, या पोर्टलपासून सुरुवात केली तरी चालेल. ग्वाल्हेरकरांकडे आणखी एक जुनी सोय आहेच. हिरेबागेवाडीला दगड पडले म्हणून मेसेज आला, तर बेळगावच्या आत्याला फोन लावता येतो. फक्त आत्यानेही ते त्याच ग्रुपवर वाचलेलं नाही ना, एवढं आधी विचारून घ्यावं लागतं.